बीपीच्या गोळीने शुगर होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६१ वर्षांची, गावी राहते. अकरा वर्षांपूर्वी बीपी निघालं, तेव्हापासून रोज सकाळी एकच गोळी चालू आहे. तिच्यात अ‍ॅटेनोलॉल ५० मिलिग्रॅम आणि क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम अशी दोन औषधं आहेत. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर ११८ आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.३ आलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बीपीच्या गोळ्यांनीच शुगर लागते, मी तर सहा महिन्यांपूर्वीच बंद केल्या." आईनेही बंद केली. नवव्या दिवशी डोकं जड झालं, छातीत धडधडायला लागलं, मोजलं तर १७८/१०२. मुलगी विचारते आहे: काकू म्हणतात ते खरं आहे का? गोळी परत सुरू करायची, की बदलून घ्यायची?

ताई, आधी आजचं काम. अ‍ॅटेनोलॉल असं एकदम तोडायचं औषध नाही. ते बीटा ब्लॉकर गटातलं. अकरा वर्षं तुमच्या आईच्या हृदयाला त्याने अ‍ॅड्रेनलिनपासून आडोसा दिला. त्या काळात हृदयावरची अ‍ॅड्रेनलिन टिपणारी केंद्रं संख्येने वाढलेली असतात. आडोसा अचानक काढला की सगळा मारा एकदम बसतो, म्हणून ती धडधड. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्यांना नेमक्या याच दिवसांत अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो. तेव्हा आज, फार तर उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे न्या, ईसीजी काढून घ्या आणि गोळी किती दिवस बंद होती ते स्पष्ट सांगा. पेशंट हे हमखास लपवतात. छातीत दुखलं, दम लागला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात जड पडला, तर उद्याचीही वाट पाहू नका. साखर ११८ ही या आठवड्याची घाई नाही, १७८/१०२ ही आहे.

आता काकूंचं म्हणणं. ते पूर्ण खोटं असतं तर मला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. त्यात सत्याचा एक तुकडा आहे, आणि योगायोग असा की तुमच्या आईच्या गोळीतली दोन्ही औषधं नेमकी त्या तुकड्यात बसतात. पण त्या तुकड्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे आणि तो माणसांना लकव्यापर्यंत नेतो. मी सत्तावीस वर्षं सांगली भागात फिजिशियन म्हणून काम करते आहे. शुगरच्या भीतीने बीपीची गोळी सोडून बेशुद्ध अवस्थेत आलेले पेशंट मी पाहिले आहेत. म्हणून जरा मुळापासून सांगते.

पहिली गोष्ट अशी की बीपी आणि साखर यांचं नातं गोळीच्या आधीपासूनचं आहे. इन्सुलिन म्हणजे पेशीचं दार उघडणारी किल्ली, एवढंच आपण ऐकलेलं असतं. त्याचं आणखी एक काम आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. जेवण झाल्यावर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूंनी उचलायची असते, आणि ती तिथवर पोचण्यासाठी स्नायूंमधल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या उघडाव्या लागतात. हे कामही इन्सुलिनच करतं. रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, वाहिनी सैल होते, रक्त स्नायूत उतरतं. उसाला पाणी देताना आपण दारं धरतो ना, तसं. पाट भरून वाहत असला तरी दारं मोडून पाणी सरीत घेतल्याशिवाय पिकाला ते मिळत नाही.

उच्च रक्तदाबात हीच दारं नीट मोडली जात नाहीत. अस्तर बिघडलेलं असतं, बारीक वाहिन्या आकसलेल्या असतात, काही तर कायमच्या मिटून गेलेल्या असतात. त्यातच अँजिओटेन्सिन नावाचं रसायन वाढलेलं असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि शिवाय पेशीच्या आत इन्सुलिनचा निरोप पुढे जाऊ देत नाही. सतत ताणलेली मज्जासंस्था यकृताला साखर सोडायला लावते. परिणाम असा की पाटाला पाणी असूनही सरी कोरडी राहते. साखर रक्तात फिरत राहते आणि स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओतत राहतं.

चक्र इथून उलटंही फिरतं. स्नायू इन्सुलिनला दाद देत नसले तरी मूत्रपिंडं देतात. वाढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडांना सांगतं की मीठ धरून ठेवा. मीठ राहिलं की पाणी राहतं आणि दाब वाढतो. मग कोंबडी आधी की अंडं, हे एका पेशंटपुरतं ठरवता येत नाही. दोन्ही एकाच मुळावर वाढतात एवढं मात्र आता पक्कं माहीत आहे.

याचा मला सर्वांत पटलेला पुरावा १९८७ चा, इटलीतल्या पिसा इथल्या संशोधकांचा. त्यांनी उच्च रक्तदाबाचे असे तरुण रुग्ण घेतले की ज्यांचं वजन बेताचं होतं, साखर नॉर्मल होती आणि ज्यांना बीपीवर कुठलंही औषध चालू नव्हतं. तरीही त्यांचं शरीर इन्सुलिनला निरोगी माणसांपेक्षा बरंच कमी दाद देत होतं. गोळी नाही, जाडी नाही, तरी बिघाड आहे. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, अमेरिकेतल्या जेराल्ड रिव्हन यांनी बीपी, साखर, रक्तातली चरबी आणि इन्सुलिनचा अवरोध यांची मोट बांधून तिला 'सिंड्रोम एक्स' असं नाव दिलं. आज आपण ज्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो ते हेच.

आपल्या लोकांना तर हे आणखी लागू पडतं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीदार, असा आपला बांधा. म्हणून "आई तर काठीसारखी आहे, तिला शुगर कशी होईल" हे वाक्य आपल्याकडे कामाचं नाही. काट्यावरच्या आकड्यापेक्षा कमरेचा घेर मोजा. बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाचा ९० च्या वर गेला की साखरेवर लक्ष ठेवायला लागावं.

आता गोळ्यांकडे येते. अमेरिकेत चार ठिकाणच्या साडेबारा हजार लोकांवर सहा वर्षं लक्ष ठेवलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्यातल्या कुणालाच मधुमेह नव्हता. ज्यांना उच्च रक्तदाब होता त्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण बीपी नसलेल्यांच्या जवळजवळ अडीच पट निघालं. मग रक्तदाबवाल्यांमध्येच औषधानुसार वेगळं करून पाहिलं, तेव्हा बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत धोका, औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत, २८ टक्क्यांनी जास्त होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा, काकूंच्या वाक्याचं वजन कळेल. आजाराचा वाटा मोठा आहे. औषधाचा आहे, पण त्याहून पुष्कळ लहान.

तुमच्या आईच्या गोळीतलं पहिलं औषध, अ‍ॅटेनोलॉल. ते हृदयाचे ठोके कमी करतं, हृदय दर मिनिटाला कमी रक्त फेकतं आणि स्नायूंकडे जाणारं रक्तही घटतं. म्हणजे दारं धरण्याचं काम आणखी मंदावतं. जेवल्याबरोबर स्वादुपिंडातून इन्सुलिनची जी पहिली उसळी येते तीही थोडी दबते. चालताना पाय लवकर थकतात, माणूस कमी हलतो, वजन हळूहळू चढतं. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या रुग्णांवर झालेल्या यूकेपीडीएस अभ्यासात अ‍ॅटेनोलॉलवाल्यांचं वजन नऊ वर्षांत सरासरी ३.४ किलोने वाढलं, कॅप्टोप्रिल या दुसऱ्या गटातल्या बीपीच्या औषधावर असलेल्यांचं १.६ किलोने. पुढे २००२ च्या लाइफ अभ्यासात लोसार्टनवाल्यांना अ‍ॅटेनोलॉलवाल्यांपेक्षा नवा मधुमेह २५ टक्क्यांनी कमी झाला. २००५ च्या अ‍ॅस्कॉट अभ्यासात अ‍ॅम्लोडिपिन-पेरिंडोप्रिलवाल्यांना अ‍ॅटेनोलॉल-थायझाइड (लघवी वाढवणाऱ्या गटातलं औषध) घेणाऱ्यांपेक्षा तो सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. तेव्हापासून नुसत्या बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल पहिलं औषध म्हणून देणं जगभर मागे पडत गेलं. आपल्याकडे ते अजून चिठ्ठ्यांवर दिसतं, कारण स्वस्त आहे आणि पेशंटला सवयीचं आहे. माझ्याही जुन्या पेशंटांच्या चिठ्ठ्यांवर ते कित्येक वर्षं राहिलं, आणि ते मी आधी बदलायला हवं होतं असं आज वाटतं.

पण इथे एक पाचर मारून ठेवते. हार्ट अटॅक येऊन गेलेला, हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, ठोके अनियमित असलेले, अशा लोकांना बीटा ब्लॉकर जीव वाचवण्यासाठी दिलेलं असतं. "साखर वाढते" म्हणून ते त्यांनी सोडणं म्हणजे छप्पर गळतं म्हणून घर पाडण्यासारखं आहे. शिवाय या गटातलं प्रत्येक औषध सारखं नसतं. कार्वेडिलॉल रक्तवाहिन्या थोड्या सैलही करतं. ते आणि मेटोप्रोलॉल यांची मधुमेही रुग्णांत पाच महिने तुलना झाली, तेव्हा मेटोप्रोलॉलवर एचबीए१सी ०.१५ ने चढलं आणि कार्वेडिलॉलवर जवळपास होतं तिथेच राहिलं. ०.१५ म्हणजे अगदी थोडं.

बीटा ब्लॉकरची ज्या गोष्टीसाठी मला खरी काळजी वाटते ती वेगळीच आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी घेणाऱ्याची साखर खाली गेली की हात थरथरतात, छाती धडधडते, आणि त्या इशाऱ्याने माणूस गूळ तोंडात टाकतो. बीटा ब्लॉकर हे दोन्ही इशारे दाबतं. घाम मात्र दाबला जात नाही. म्हणून या औषधांवर असलेल्यांच्या घरच्यांना मी नेहमी सांगते की अवेळी दरदरून घाम फुटला, माणूस चिडचिडा किंवा गोंधळलेला वाटला, तर आधी साखर मोजा. घरात मशीन नसेल तर मोजायची वाट न बघता दोन-तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. माणूस गिळू शकत नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

दुसरं औषध क्लोरथॅलिडोन, लोक ज्याला लघवीची गोळी म्हणतात त्यातलं. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि इंडापामाइड ही त्याची भावंडं. पहिलं थायझाइड १९५० च्या दशकाच्या शेवटी आलं आणि साखर वाढल्याच्या नोंदी जवळजवळ तेव्हापासूनच आहेत. यात मुख्य हात आहे पोटॅशियमचा. लघवीवाटे मिठाबरोबर पोटॅशियमही जातं, आणि रक्तात ते उतरलं की स्वादुपिंडातल्या पेशी इन्सुलिन सोडताना अडखळतात. याच रासायनिक घराण्यात डायझॉक्साइड नावाचं औषध आहे. ते लघवी वाढवत नाही, पण इन्सुलिन सुटणं इतकं थांबवतं की जन्मतःच इन्सुलिन जास्त बनणाऱ्या बाळांची साखर वर ठेवण्यासाठी आम्ही ते मुद्दाम वापरतो. रसायनाच्या एका फांदीचा औषध म्हणून उपयोग आणि दुसऱ्या फांदीवर तोच गुण दुष्परिणाम, हे शिकताना मला फार नवल वाटलं होतं.

मात्रेचा फरक फार मोठा आहे. जुन्या काळी हायड्रोक्लोरोथायझाइड ५० आणि १०० मिलिग्रॅम दिलं जायचं. आज १२.५ पुरतं. बीपीवरचा बराचसा फायदा लहान मात्रेतच मिळतो आणि मात्रा वाढवली की मुख्यतः पोटॅशियम आणि साखर यांचं नुकसान वाढतं. मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा २५ मिलिग्रॅम सर्रास लिहायचे आणि पोटॅशियम वर्षानुवर्षं तपासायचं राहून जायचं. एक निवृत्त शिक्षक यायचे, त्यांची उपाशीपोटी साखर १३१ वर गेली. मी त्यांना मधुमेहाची गोळी सुरू करणार होते, तेवढ्यात पायात गोळे येतात म्हणाले म्हणून पोटॅशियम केलं, ते ३.०, म्हणजे बरंच कमी निघालं. मात्रा निम्मी केली, दुसरं औषध जोडलं, पोटॅशियम चारच्या वर आलं आणि तीन महिन्यांत साखर ११० च्या आसपास स्थिरावली. त्यांच्या नशिबात असलेली मधुमेहाची गोळी सहा-सात वर्षं पुढे गेली. तेव्हापासून माझा नियम आहे की लघवीची गोळी सुरू केली की दोन-तीन आठवड्यांत आणि नंतर निदान वर्षातून एकदा पोटॅशियम बघायचंच. तुमच्या आईचं अकरा वर्षांत कधी बघितलं का, हे विचारा. आणि कमी मात्रेवरही ते फार खाली असेल तर डॉक्टरांना अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा विचार करावा लागेल. त्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक जास्त सुटलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं आणि साखरही बिघडते, तिन्ही एकाच कारणाने.

आता या लघवीच्या गोळीची दुसरी बाजू, जी मला तितक्याच ठामपणे सांगायची आहे. ऑलहॅट नावाचा तेहतीस हजारांवर लोकांचा मोठा अभ्यास २००२ साली आला. चार वर्षांनी नव्याने मधुमेह झालेल्यांचं प्रमाण क्लोरथॅलिडोनवर ११.६ टक्के, अ‍ॅम्लोडिपिनवर ९.८ आणि लिसिनोप्रिलवर ८.१ होतं. फरक खरा आहे. पण हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने मृत्यू तिन्हीकडे सारखेच होते, आणि हार्ट फेल्युअर तर क्लोरथॅलिडोनवर सर्वांत कमी. वयस्कर लोकांवरच्या शेप अभ्यासात क्लोरथॅलिडोनने लकव्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटवलं. त्याच लोकांकडे चौदा वर्षांनी परत पाहिलं, तेव्हा गोळीवर असताना ज्यांना मधुमेह झाला त्यांचे हृदयविकाराने मृत्यू त्यामुळे वाढलेले दिसले नाहीत. ज्यांना तुलनेसाठी खोटी, औषध नसलेली गोळी होती आणि मधुमेह आपोआप झाला, त्यांचे मात्र वाढले होते. म्हणजे गोळीने थोडी चढलेली साखर आणि शरीरात आतून उगवलेला मधुमेह या दोन्हींचा आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर सारखा दिसला तरी त्यांचं भविष्य सारखं नाही.

साखरेला मदत करणारी औषधंही आहेत. अँजिओटेन्सिनला अडवणारी दोन घराणी: रामिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल ही 'प्रिल' मंडळी आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन ही 'सार्टन' मंडळी. वर म्हटलं तसं अँजिओटेन्सिन इन्सुलिनच्या निरोपात आडवं येतं. ते हटलं की वाहिन्या सैल होतात आणि निरोप पोचतो. शिवाय ही औषधं पोटॅशियम वाचवतात. नॅव्हिगेटर अभ्यासात, जेवणानंतरची साखर आधीच बिघडलेल्या नऊ हजारांवर लोकांना व्हॅलसार्टन देऊन पाच वर्षं पाहिलं. मधुमेह ३६.८ टक्क्यांऐवजी ३३.१ टक्के लोकांना झाला. यावर उड्या मारण्यासारखं काही नाही, आणि नुसता मधुमेह टाळायला बीपी नसलेल्या माणसाने ही गोळी घेऊ नये. पण बीपीची गोळी घ्यायचीच आहे तर यातली का नको, एवढं म्हणण्याइतका हा फायदा नक्की आहे. 'प्रिल'ने काहींना कोरडा खोकला लागतो, तो कफ सिरपने जात नाही, गोळी बदलूनच जातो. दोन्ही घराण्यांवर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम बघावं लागतं, आणि दिवस राहण्याची शक्यता असलेल्या मुलींना ही औषधं द्यायची नाहीत.

अ‍ॅम्लोडिपिन साखरेच्या बाबतीत तटस्थ आहे, ना वाढवतं ना घटवतं. त्याच्यापायी एक वेगळीच गंमत नसलेली गोष्ट घडते, ती सांगून टाकते. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या पावलांवर सूज येते. ती सूज अंगात पाणी साठल्यामुळे नसते, बारीक वाहिन्या सैल झाल्यामुळे असते. पण सूज दिसली की कुणीतरी लघवीची गोळी लिहून देतं. तिने सूज फारशी उतरत नाही, पोटॅशियम मात्र उतरतं, पाय वळतात, साखर चढते, मग शुगरची गोळी. तीन गोळ्या झाल्या, आणि पहिल्या गोळीची मात्रा १० वरून ५ केली असती तर कदाचित पुढच्या दोन्हींची गरज पडली नसती. चिठ्ठीवर गोळी वाढली की डॉक्टरांना विचारायचं, ही नव्या आजारासाठी आहे की जुन्या गोळीच्या त्रासासाठी?

आता या सगळ्या गोळ्या एका तागडीत टाकून पाहू. २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये १९ अभ्यासांतल्या जवळजवळ दीड लाख लोकांची वैयक्तिक माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. वरचं बीपी फक्त ५ अंकांनी कमी केलं तर नवा मधुमेह ११ टक्क्यांनी घटतो, असं त्यात निघालं. औषधानुसार पाहिलं तर प्रिल आणि सार्टनवर तो १६ टक्क्यांनी घटतो, अ‍ॅम्लोडिपिनच्या गटात फरक नाही, थायझाइडवर सुमारे २० टक्क्यांनी आणि बीटा ब्लॉकरवर सुमारे ४८ टक्क्यांनी वाढतो. काकूंना हाच कागद दाखवायला हवा. दाब उतरवणं हेच मुळात साखरेच्या बाजूने काम करतं. प्रश्न उतरवावा की नाही हा नाही, कशाने उतरवावा हा आहे.

आणि ज्यांना मधुमेह झालेलाच आहे त्यांनी तर बीपीकडे दुप्पट लक्ष द्यावं. यूकेपीडीएसमध्ये १९९८ साली दिसलं की मधुमेही रुग्णांत सरासरी बीपी १५४/८७ ऐवजी १४४/८२ ठेवलं, तर मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि लकवा ४४ टक्क्यांनी कमी झाला. फक्त दहा अंकांचा फरक. चहा कमी साखरेचा झाला की मधुमेह सांभाळला असं घरोघरी समजलं जातं आणि बीपीची गोळी संपली तरी आठवडाभर कुणी आणत नाही. डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड ही बीपी आणि साखर अशा दोघांच्या कात्रीत सापडतात.

तुमच्या आईच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. एकसष्टाव्या वर्षी गुडघे दुखत असणारच. दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या, अंगात मीठ धरतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या औषधाला जोर लावू देत नाहीत. गुडघ्यात इंजेक्शन घेतलं असेल तर ते बहुधा स्टेरॉइडचं असतं, त्याने साखर काही दिवस वर राहते. आणि बाजाराच्या दिवशी मिळणारी सांधेदुखीची पुडी, जिने "दोन दिवसांत गुण येतो", तिच्यात स्टेरॉइडची पूड मिसळलेली मी अनेकदा ओळखली आहे. चेहरा गोल होतो, बीपी आणि साखर दोन्ही चढतात. यातलं काही चालू असेल तर आधी ते डॉक्टरांना सांगा, नाहीतर नव्या गोळीचंही काही चालणार नाही. दुसरं, त्यांचं हिमोग्लोबिन बघा. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि आपल्या बायकांत लोह कमी असणं ही रोजची बाब आहे. ६.३ आणि ११८ हे दोन्ही मधुमेहाच्या अलीकडचे आकडे आहेत, ६.५ आणि १२६ ही ती रेघ. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहिली की नेमकं कुठे आहोत ते कळेल.

डॉक्टर काय करतील याचा अंदाज देते, पण निर्णय त्यांचा, कारण ईसीजी आणि पेशंट त्यांच्या समोर असेल. धडधड आणि बीपी पाहता ते अ‍ॅटेनोलॉल थोडे दिवस परत सुरू करून आठवड्या-दोन आठवड्यांत मात्रा उतरवत नेतील, किंवा हृदय व्यवस्थित असेल तर सरळ दुसऱ्या औषधांवर नेतील. पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन पाहून एक सार्टन आणि त्याला जोडून अ‍ॅम्लोडिपिन, ही जोडी तुमच्या आईसारख्या पेशंटला मी स्वतः पहिल्यांदा दिली असती. तिसऱ्या औषधाची गरज लागली तर कमी मात्रेत लघवीची गोळी परत येईल. ती परत आली म्हणून घाबरू नका, सार्टनसोबत असली की पोटॅशियम बरंच सावरलं जातं. उद्दिष्ट १३०/८० च्या खाली, चक्कर न येता. घरी मोजताना चहानंतर अर्धा तास थांबा, पाच मिनिटं पाठ टेकून बसू द्या, दंड हृदयाच्या पातळीला ठेवा आणि मोजत असताना बोलू नका. दोनदा मोजून वहीत लिहा.

खाण्याचं थोडक्यात. साखर कमी करायला सगळे सांगतात, मी मीठ सांगते. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे, फरसाण आणि जेवताना वरून घेतलेलं मीठ, एवढं काढलं तरी बीपीच्या गोळीला हात मिळतो. सैंधव मीठ चालतं असं समजू नका, तेही सोडियमच आहे. पोटॅशियम घातलेलं 'लो सोडियम' मीठ मात्र सार्टन चालू असताना विचारल्याशिवाय आणू नका, मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिठूळ साखर, त्यापेक्षा भगर आणि शेंगदाण्याची आमटी बेताने घेतलेली बरी. उपास असला तरी बीपीची गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. आणि रोज अर्धा तास चालणं. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी करणं, एवढं उद्दिष्ट ठेवल्याने मधुमेह ५८ टक्क्यांनी टळला. चेन्नईत ए. रामचंद्रन यांनी आपल्याच लोकांत केलेल्या अभ्यासात हा आकडा २८ च्या आसपास आला. तरी तो वर सांगितलेल्या 'प्रिल' आणि 'सार्टन'च्या १६ टक्क्यांपेक्षा मोठा आहे. चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न बघता स्वतःच दारं मोडून साखर आत घेतात, म्हणून हा उपाय बीपी आणि साखर दोन्हींवर चालतो.

गोळी बदलल्यावर तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करा. ६.३ चं ६.० झालं तर औषधाचा वाटा होता असं समजा. तिथेच राहिलं तर तो त्यांच्या शरीराचा कल आहे, आणि मग मेटफॉर्मिन या साखर कमी करणाऱ्या गोळीचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येईल.

आणि ताई, आईला घेऊन जाल तेव्हा शेजारच्या काकूंनाही रिक्षात बसवा. सहा महिने गोळी बंद आहे म्हणता, त्यांचं बीपी शेवटचं कधी मोजलंय ते त्यांना आठवणारही नाही.